डाव्या बाजूचा टक

४ फेब्रुवारी

भिंगरे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकायच्या आधी एवढं वाच, की मी घरी आहे, धडधाकट आहे आणि मजेत आहे. कुणी गेलं म्हणून लिहीत नाहीये. आता खाली बस आणि पुढचं वाच.

माझ्या उजव्या छातीत गाठ निघाली होती. शर्टाच्या बटणाएवढी. गेल्या आठवड्यात ऑपरेशन करून ती काढली आणि त्याच संध्याकाळी मला घरी पाठवून दिलं. मला वाटलं होतं, आता चांगलं महिनाभर अंथरुणात लोळायला मिळेल, लोक विचारपूस करायला येतील, मी क्षीण आवाजात बोलेन. कसलं काय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाला, फिरा, फक्त जड उचलू नका आणि उजवा हात एकदम वर नेऊ नका." माझी सगळी हौस तिथेच फिटली.

सूप मात्र मिळतंय. तुझे भाऊजी करतात. पहिल्या दिवशी मीठ विसरले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं घातलं. मी मुकाट्यानं प्यायले, कारण बिचारे तोंड बारीक करून शेजारी उभे होते. मला काही झालं की या माणसाला स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची असतात, हे मला लग्नानंतर फार उशिरा कळलं.

आरामखुर्ची दुकानाच्या खोलीत खिडकीपाशी आणून ठेवली आहे. आईचं शिवणाचं दुकान कधीच बंद झालं, पण घराच्या पुढच्या खोलीला आम्ही अजून दुकानच म्हणतो. तिथे मी दिवसभर राणीसारखी बसून असते. काखेखाली एक छोटी उशी असते, म्हणजे हात टाक्यांवर घासत नाही. ती मी ऑपरेशनच्या आधीच मऊ सुती कापडाची शिवून ठेवली होती. नर्सबाईंना इतकी आवडली की त्यांनी नमुना मागून नेला. दुखलं की बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून लावायची, गोळी घ्यायची आणि डोळे मिटून पडायचं. पुढून हुक असलेली घट्ट ब्रा रात्रंदिवस घालून ठेवायची, तेवढा एक जाच आहे.

आणि गंमत म्हणजे, जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि आज माझ्याकडे पुढून उघडणारा एक कपडा नाही! सगळे डोक्यातून घालायचे. म्हणून भाऊजींचे शर्ट घालून बसते. पुरुषांची बटणं आपल्या उलट बाजूला, त्यामुळे एकेक बटण लावताना शाळेतल्या पोरीसारखी जीभ बाहेर येते.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला होतं?" मी म्हटलं, आईला. "बहीण आहे?" आहे, म्हटलं. तर म्हणाल्या, "तिला तपासून घ्यायला सांगा. पुढे ढकलू नका म्हणावं." म्हणून हे पत्र. नाहीतर तुला पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मी मोडत नाही हे तुला माहीत आहे.

आई गेली, आणि तू आपली कातर पिशवीत टाकून निघून गेलीस. का गेलीस ते आजवर सांगितलं नाहीस. त्याचा राग मी जपून ठेवलेला आहे. आजारपणात तो कमी झाला असेल असं समजू नकोस. पण तो आपण नंतर बघू. तू तपासून घे आणि मला एका ओळीत कळव.

ताई

१५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझी ती एक ओळ काही आली नाही. भाऊजींनी फोन केला तर "बरी आहे म्हणावं" एवढं बोलून ठेवून दिलास. कोण बरी आहे? मी की तू? भाऊजी बिचारे रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "आवाजावरून ठीक वाटली." या माणसाला आवाजावरून केटलीचं पाणी उकळलेलंही कळत नाही.

तपासून घेतलंस का? घेतलं नसशील, तर उद्या जा.

माझं छान चाललंय. आता व्यायाम सुरू झालेत. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी चालवत वर वर न्यायची. दुखायला लागलं की थांबायचं. जिथे थांबते तिथे मी शिंप्याच्या खडूनं रेघ मारते. परवा रेघ मारताना लक्षात आलं, की ही तीच भिंत आहे, जिच्यावर आपला तीन भागांचा आरसा होता. आरसा काढला तिथला रंग अजून उजळ आहे. मी आजारी बाई भिंतीसमोर उभी राहून त्या उजळ चौकोनाकडे बघत बसले, आणि हात वर नेलेला तसाच राहिला.

रिकामं बसलं की काय काय आठवतं गं! आपण दोघी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात पडून राहायचो ते आठवतं? वर आईची मोठी कातर लाकडावर घासत जायची. तिच्या आवाजावरून आपण कापड ओळखायचो. रेशीम असलं की तू आधी ओरडायचीस आणि लोकर असली की मी. आईच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो तिनं जाड दोऱ्यानं स्वतःच शिवला होता. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली की खोलीभर तो गरम, दमट वास सुटायचा. परवा भाऊजींनी माझ्यासाठी शर्ट इस्त्री केला तेव्हा तोच वास आला, आणि मला इतकं भरून आलं की त्यांना वाटलं टाके दुखताहेत. लगेच गोळी आणून दिली. घेतली मी.

टेबल आता जेवायला वापरतो. कापडावर खुणा करायचं दाताळं चाक फिरवून फिरवून त्याच्यावर ठिपक्यांच्या रेघा उमटल्यात, त्या पुसून जात नाहीत. फरशीच्या फटीत अजून टाचण्या निघतात. त्या नेमक्या भाऊजींच्याच पायाला लागतात.

आणि ती टायपिस्टबाई आठवते का? तिचा एक खांदा चांगला उतरलेला होता. आई तिच्या प्रत्येक कपड्याच्या त्या खांद्यात कापसाची गादी घालायची, दरवेळी थोडी जास्त. तिला ते कधी कळलंच नाही. एकदा आरशासमोर वळून वळून म्हणाली, "बाकी काही असो, माझे खांदे मात्र देवानं अगदी पट्टीनं आखलेत." तू पडद्यामागे पडद्याचा बोळा तोंडात कोंबून हसत होतीस. मी बाहेर सुया मोजायचं सोंग करत होते. बाई गेल्यावर आईनं दोघींना समोर उभं केलं. म्हणाली, "हसायचं नाही. माणसाच्या अंगात काय कमीजास्त आहे ते आपल्याला दिसतं. दिसलं की कापडात भरून काढायचं आणि गप्प बसायचं. ज्याचं त्यालासुद्धा सांगायचं नाही."

म्हणूनच ती मापंसुद्धा मोठ्यानं सांगायची नाही. टेप गुंडाळायची आणि आपल्या कानाशी येऊन आकडा पुटपुटायची. सगळी गिऱ्हाइकं म्हणायची, या बाईकडे कसं निर्धास्त वाटतं. केवढा अभिमान होता आपल्याला त्याचा. अजूनही आहे.

पण आईनं तो नियम स्वतःलाही लावला. तिला गाठ होती, ती वाढत होती, आणि ती आपल्या दोघींच्या मधे बसून काजं करत होती. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. मोठे डॉक्टर आपल्याला काय म्हणाले ते तुला आठवतंय ना? "तुम्ही दोघी शिवणकाम करता. आईला कपडे बसेनासे झाले, हे तुमच्या लक्षात आलं नाही?" मी रडायला लागले. तू उठून बाहेर गेलीस. मला वाटलं, पाणी प्यायला गेली. त्यानंतर तू मशीनला हात लावला नाहीस. पुढे तर गावच सोडलंस.

कुठल्याशा ऑफिसात फायली लावतेस असं ऐकते. तुझे ते हात आणि फायली! असो. तो तुझा प्रश्न. माझा प्रश्न एवढाच, की डॉक्टरकडे गेलीस का?

ताई

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

पहिल्या पत्रात मी 'गाठ निघाली' एवढंच लिहिलं होतं. कसली ते लिहिलं नव्हतं. तुला घाबरवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तो शब्द कागदावर बघायचा नव्हता. आता मोठा रिपोर्ट आला आहे. गाठ वाईट होती. आईची होती तसलीच. पण लहान असतानाच सापडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भोवतीनं चांगली जागा सोडून कापलंय, कडा स्वच्छ आहेत." मी म्हटलं, "म्हणजे शिलाईला माया ठेवून कापलंत." त्यांना आधी कळेना. समजावून सांगितलं तेव्हा इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. काखेतलं तपासलं, ते साफ आहे. पुढच्या महिन्यात शेक द्यायचे आहेत, किरणांचे. त्यानं थकवा येतो म्हणे. येऊ दे. खुर्ची आहेच.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. मी आज दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय, आणि हे तू मन घट्ट करून वाच.

भाऊजींच्या शर्टांचा कंटाळा आला म्हणून मी माळ्यावरची आईची ट्रंक खाली काढायला लावली. तिचा तो राखाडी कामाचा कोट आठवतो? खडूच्या खिशांचा, पुढून बटणांचा, जो ती दुकानात रोज अंगावर घालायची. तो मला नेमका हवा तसा होता. घातला. उजवीकडे नीट बसला आणि डावीकडे पोकळ राहिला. माझी तर उजवी बाजू कापलेली! सैल व्हायचीच तर ती उजवी व्हायला हवी होती. मग उतरवला, उलटा केला आणि खिडकीतल्या उजेडात धरला.

कपडा छातीवर नीट बसावा म्हणून कापड आतून चिमटीत धरून टक घालतात. उजवा टक आईनं पहिल्यांदा मशीनवर घातला होता तसाच आहे, कुणी हात लावलेला नाही. डाव्या बाजूला मात्र जाड कापडात भोकांच्या ओळीच ओळी आहेत. जाड कापड सुईची भोकं बुजू देत नाही, तुला माहीत आहे. आधी मशीनची टीप, ती उसवलेली. मग टक सैल केलेला, आईच्या हातचे सरळ बारीक टाके, तेही उसवलेले. मग टक पुन्हा मूळच्या जागी आवळलेला. तिथली भोकं तिरपी आहेत, आपल्या सगळ्यांच्या उलट्या बाजूला झुकलेली. त्या घरात डावखुरी एकच होती.

भिंगरे, तू काय केलंस ते मला समोर दिसलं. इस्त्री करताना तुला डावा टक लहान दिसला. तुला वाटलं, आईची नजर अधू झाली, हात चुकला. तिला लाज वाटू नये म्हणून तू तो गुपचूप दुसऱ्याएवढा करून ठेवलास आणि कोट खुंटीला लावलास. दुसऱ्या कुठल्याही घरात हे झालं नसतं. दुसऱ्या घरातल्या मुलीला तो टक दिसलाच नसता. आपल्याला तर शिकवलेलंच ते, दिसलं की भरून काढायचं आणि गप्प बसायचं.

आणि मग मोठ्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. तू पाणी प्यायला गेली नव्हतीस.

एवढी वर्षं तू हे एकटीनं पोटात ठेवलंस? मला का नाही सांगितलंस गं? मी तुला काय खाल्लं असतं का?

आता ऐक. कोट आईसोबत दवाखान्यात गेला आणि परत आला तो सरळ ट्रंकेत, म्हणून त्याच्यावरची शेवटची ओळ तू पाहिली नसशील. तुझे तिरपे टाकेही उसवलेले आहेत. आईनं ते उसवून टक पुन्हा सैल केला, आधीपेक्षा जास्त, पुन्हा आपल्या सरळ टाक्यांनी. म्हणजे तुझा टाका तिनं ओळखला. तुझ्या नजरेस पडलंय हे तिला कळलं. तुला बाजूला घेऊन ती सांगू शकली असती. तिनं तसं केलं नाही. सुईत दोरा ओवला आणि गप्प बसली. हे तिनं ठरवलं होतं, तू नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. हे वाक्य पुन्हा वाच. हवं तर मोठ्यानं वाच.

मला आईचा भयंकर राग आला. कोट जमिनीवर फेकला. मग उचलला आणि त्यात तोंड खुपसून रडले. तुझे भाऊजी दारात चमचा घेऊन उभे होते. या वेळी गोळी आणली नाही, नुसते शेजारी बसून राहिले.

तुझ्यावरचा राग शोधते आहे, सापडत नाही. आता तरी डॉक्टरकडे जा. आणि घरी ये.

ताई

९ मार्च

भिंगरे,

तुझं पार्सल काल दुपारी आलं. भाऊजी म्हणाले, "बघ, तुला पुढून बटणांचा शर्ट पाठवला. म्हटलं नव्हतं का, ठीक वाटली म्हणून!" केवढे खूष झाले होते. घडी उलगडून मी आत चिठ्ठी शोधली. नव्हती. तुझा वापरातला, कॉलर विरलेला फिकट निळा शर्ट, धुतलेला, इस्त्री केलेला.

मी तो अंगात घालायच्या आधीच उलटा केला. सवय. डावा टक उसवून सैल केलेला आहे. टाके तिरपे आहेत आणि दोरा नवा आहे.

भाऊजींना काय झालं ते कळेना. मी त्यांना बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, "शर्ट चुकून तसलाच आला असेल." मी म्हटलं, माझी बहीण कपड्याच्या बाबतीत चुकून काही करत नाही. तुला हे मला सांगायचं होतं, तोंडानं सांगता येईना, म्हणून तू कापडाच्या हाती निरोप पाठवलास. पोचला. कधीपासून आहे ते मी विचारत नाही. विचारलं तर तू कमी करून सांगशील.

घाबरली असशील. मीही घाबरले होते. ऑपरेशनच्या सकाळी मी दुकानाच्या खोलीत उभी राहून आईला शिव्या दिल्या होत्या, एवढी घाबरले होते. पण आज मी खुर्चीत बसून टोस्ट खातेय आणि हात भिंतीवर खूप वर जातो. लवकर सापडलं तर असं होतं. उशीर केला तर काय होतं ते आपण दोघींनी बघितलं आहे.

तर आता माझं ऐक. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या गावातल्या एका डॉक्टर बाईंना फोन केला आहे. गुरुवारी दुपारची वेळ मिळाली आहे, तुझ्या नावानं. मला प्रवासाची परवानगी आहे, शेक पुढच्या आठवड्यात सुरू होतील. बॅग भाऊजी उचलतील. त्यांचं सूप तुला प्यावं लागेल आणि तोंड वाकडं करायचं नाही. ऑपरेशन करावं लागलं तर नंतर तुला इकडे घेऊन येणार. खिडकीपाशी दुसरी खुर्ची मावते, आम्ही टेबल सरकवून बघितलं.

डॉक्टरांच्या समोर तू गप्प बसशील, मला ठाऊक आहे. विचारतील कुठे, कधीपासून, आणि तू भिंतीकडे बघशील. मी तिथे आत असेन. तू नाही बोललीस तर मी बोलेन, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलेन. तुला लाज वाटेल. वाटू दे. नंतर माझ्याशी हवं तेवढं भांड, आणखी इतकीच वर्षं बोलू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण त्यासाठी तू असायला हवीस गं. मला तू हवी आहेस.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं पोचते. दार उघड.

ताई